डोक्यावर पदर घेतलेला सम्राट

लेपिडुस हे नाव इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या ओळीत येतं आणि मागे पडतं. सीझरच्या खुनानंतर अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांच्याबरोबर सत्तेचा वाटेकरी झालेला हा तिसरा माणूस. इ.स.पू. 36 मध्ये ऑक्टेव्हियनने त्याची फौज आणि अधिकार काढून घेतले, त्याला रोमपासून दूर, समुद्रकाठच्या गावी नेऊन ठेवलं. एक गोष्ट मात्र त्याच्याकडेच राहिली : 'पोंटिफेक्स मॅक्सिमस', म्हणजे रोमच्या प्रमुख धर्माधिकाऱ्याचं पद. ते तहहयात असे. ऑक्टेव्हियनचा ऑगस्टस झाला, भूमध्य समुद्राच्या चारी बाजूंना त्याचा शब्द चालू लागला, तरी या पदासाठी तो लेपिडुसच्या मरणापर्यंत थांबला. इ.स.पू. 12 च्या मार्चमध्ये त्याची निवड झाली. त्या निवडणुकीला सगळ्या इटलीतून कधी नव्हे इतकी माणसं आली, हे त्याने आपल्या आत्मवृत्तात आवर्जून लिहून ठेवलं आहे.

अनेक वर्षं मी प्राचीन इतिहास शिकवला. रोमन सम्राट आणि धर्म म्हटलं की वर्गातून ठरलेलं उत्तर यायचं : ते स्वतःला देव म्हणवून घेत. कॅलिगुलाच्या गोष्टींनी हे चित्र पक्कं केलं आहे. पण खुद्द रोममध्ये सम्राटाचं रोजचं धार्मिक रूप देवाचं नव्हतं, पुरोहिताचं होतं. हे नीट लक्षात घेतल्याशिवाय त्याच्या सत्तेचा पाया समजत नाही, असं मला मनापासून वाटतं.

हे डोळ्यांनी पाहायचं तर टायबर नदीकाठची 'आरा पाकिस', शांतिदेवीची वेदी, पाहावी. सिनेटने तिचा संकल्प इ.स.पू. 13 मध्ये केला आणि इ.स.पू. 9 मध्ये ती अर्पण झाली. तिच्या दक्षिण भिंतीवरच्या संगमरवरी मिरवणुकीपुढे मी खूप वेळ उभी होते. ऑगस्टसची आकृती भंगलेली आहे, पण चेहरा शाबूत आहे. डोक्यावर पानांची माळ आणि तिच्यावरून ओढून घेतलेला टोगाचा पदर. हातात वज्र नाही, अंगावर चिलखत नाही. मागे टोकदार टोप्या घातलेले पुजारी चालताहेत, आणि त्यांच्याही मागे कुटुंबाच्या घोळक्यात एक पोर मोठ्या माणसाचं वस्त्र धरून उभं आहे.

रोमन विधीत डोकं झाकत ते अशुभ काही दिसू-ऐकू नये म्हणून. त्याच कारणासाठी शेजारी बासरीवाला वाजवत राही. मंत्रातला शब्द चुकला तर विधी पुन्हा पहिल्यापासून. मनात श्रद्धा किती आहे यापेक्षा कर्म बिनचूक झालं की नाही, याला मोल होतं. आपल्या घरच्या पूजेत यजमान सगळ्या कुटुंबाच्या वतीने संकल्प सोडतो, तसा हा माणूस सगळ्या राज्याच्या वतीने उभा राहत असे.

आणि हे काम त्याने बारकाईने केलं. इ.स.पू. 28 या एका वर्षात रोममधल्या 82 देवळांची डागडुजी केल्याचं तो सांगतो. ज्युपिटरच्या मुख्य पुजाऱ्याची जागा पाऊणशे वर्षं रिकामी होती, कारण तिचे नियम फार जाचक : त्याने घोड्यावर बसायचं नाही, सज्ज सैन्य पाहायचं नाही, अंगावर कुठे गाठ बांधायची नाही. ऑगस्टसने त्या जागेवर पुन्हा माणूस नेमला.

पंचांगही पुरोहितांच्याच ताब्यात असे. सीझरने दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायला सांगितलं होतं; पुरोहितमंडळ तो दर तिसऱ्या वर्षी वाढवत राहिलं आणि तीन दिवस जास्तीचे साचले. ऑगस्टसने पुढे 12 वर्षं लीप दिवस न घेता ती चूक निस्तरली. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात त्याच्या नावाचा महिना आहेच.

मग देवत्व? पूर्वेकडच्या प्रांतांत राजाला पूजण्याची चाल जुनीच होती. पर्गामम शहराने देऊळ मागितलं, तेव्हा ऑगस्टसने ते आपल्याबरोबर रोमादेवीचंही असेल या अटीवर मान्य केलं. रोममधले आपले सुमारे 80 चांदीचे पुतळे त्याने काढायला लावले आणि त्या पैशातून अपोलोच्या देवळात सोन्याच्या वस्तू वाहिल्या. देव म्हणून त्याची अधिकृत घोषणा झाली ती इ.स. 14 मध्ये, मृत्यूनंतर, सिनेटच्या ठरावाने. म्हणजे देव कोण, हेही रीतसर ठरावं लागे.

ऑगस्टसनंतर प्रत्येक नव्या सम्राटाने हे पुरोहितपद घेतलं. ख्रिस्ती धर्माला आश्रय देणाऱ्या कॉन्स्टंटाइननेही ते सोडलं नाही. सोडलं ते चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रेशियनने. इ.स. 382 मध्ये त्याने सिनेटच्या सभागृहातली विजयदेवीची वेदी हलवली आणि व्हेस्टाच्या पुजारिणींचं सरकारी अनुदान बंद केलं. दोन वर्षांनी रोमचा नगरप्रमुख सिम्माकुस याने हे सगळं परत मिळावं म्हणून पुढच्या सम्राटाकडे अर्ज केला. तो अर्ज मला आजही हलवून जातो. धनिकांच्या खासगी देणग्या रोममध्ये मिळाल्या असत्या; त्याला हवा होता राज्याच्या खजिन्यातला खर्च, कारण राज्याच्या वतीने न केलेलं कर्म राज्याला कसं लाभणार? मिलानचे बिशप अँब्रोज यांनी कडाडून विरोध केला आणि अर्ज फेटाळला गेला.