जुन्या तबकड्या : माल एकाचा, दुकान दुसऱ्याचे

जुन्या तबकड्यांचा धंदा आता मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटपुरता राहिलेला नाही. अमेरिकेत 2000 साली निघालेल्या 'डिस्कॉग्ज'सारख्या इंटरनेटवरील बाजारात जगभरचे विक्रेते दुकान मांडून बसले आहेत. 2023 साली या बाजाराने आपले कमिशन 8 वरून 9 टक्के केले व ते डाकखर्चावरही लावले. हा भार शेवटी गिऱ्हाइकावरच येतो.

खरी मेख निराळीच आहे. काही विक्रेत्यांजवळ तबकडी नसतेच. दुसऱ्याच्या यादीतला माल ते चढ्या भावाने आपल्या नावावर लावतात आणि पैसे आल्यावर तिकडून मागवितात. दलाली आपल्याला नवी नाही. पण आपला दलाल माल निदान डोळ्यांनी पाहतो! मूळ धन्याकडे ती तबकडी आधीच विकली गेली, की ऑर्डर रद्द, आणि परतावा येईपर्यंत रक्कम अडकून.

म्हणून पैसे भरण्याआधी लेबलाचा व त्यालगत कोरलेल्या क्रमांकाचा ताजा फोटो मागावा. माल हाती नसलेला इथेच टाळाटाळ करू लागतो. लाखेच्या 78 च्या तबकड्या ठिसूळ. त्यांचे पॅकिंग कसे होणार तेही विचारावे. परदेशी मालावर जकात धरूनच भाव ठरवावा.