सूर्यप्रकाशातील न दिसणारे किरण

काशीच्या घाटावर पहाटे उभे राहण्याचा योग आपणांस आला असेल, तर गंगेच्या पैलतीरावरून वर येणारे तांबूस सूर्यबिंब आपण विसरला नसाल. त्याला अर्घ्य देताना एक गोष्ट मात्र सहसा ध्यानी येत नाही. जो प्रकाश आपणांस दिसतो, तो सूर्याकडून येणाऱ्या किरणांचा निम्म्याहून कमी भाग होय!

'तानापिहिनिपाजा' हे सात रंग आपण शाळेत पाठ केलेच आहेत. इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी या पट्ट्यातील तांबड्या रंगाच्या बाहेर, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे तापमापक ठेवला; तो पारा चढला. हे अवरक्त किरण. पुढच्याच वर्षी योहान रिटर यांना जांभळ्यापलीकडेही चांदीचा क्षार काळा पाडणारे किरण आढळले. ते अतिनील. जमिनीवर पोचणाऱ्या सौर ऊर्जेपैकी सुमारे निम्मी अवरक्त असते; अतिनील किरणांचा वाटा अवघा ५ टक्क्यांच्या आसपास. अतिनीलातील सर्वांत घातक किरण वरच्या वातावरणातील ओझोन अडवून धरतो.

२२ जुलै २००९ च्या सकाळी काशीला खग्रास सूर्यग्रहण दिसले. घाटांवर मोठी गर्दी लोटली होती. खग्रास स्थिती सुमारे तीन मिनिटे टिकली. खरा धोका असतो तो तिच्या आधी आणि नंतर. उजेड मंदावला की बाहुली विस्फारते, डोळे दिपत नाहीत आणि पाहणारा निःशंक होतो. पण सूर्याची उरलेली कोर पूर्वीइतकीच प्रखर असते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. इजा झाल्याचे पुष्कळदा काही तासांनी, दृष्टी अंधुक झाल्यावरच उमगते.

काजळी धरलेली काच किंवा क्ष-किरणांची जुनी फिल्म यांवर विसंबू नका. त्यांतून सूर्य मंद दिसला, तरी अदृश्य किरण अडतातच असे नाही. पाण्यातले प्रतिबिंबही सुरक्षित नव्हे. ग्रहणासाठी प्रमाणित केलेला चष्मा वापरावा. नाहीतर पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून सूर्याकडे पाठ करावी व कागदावर पडणारी चिमुकली कोर मुलांना दाखवावी. झाडाखाली पानांच्या फटींतूनही अशा शेकडो कोरी जमिनीवर पडतात.

सूर्याला नमस्कार करताना आपण मान लववतो. ग्रहणाच्या दिवशी घरातील मुलांना तेवढे एवढे अवश्य शिकवावे.