पुस्तक मिटून उजळणी

राज्य मंडळाचा दहावीचा भूमितीचा पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. नुसत्या वाचनावर तो निभत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उतारा चारदा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ६१ टक्के मजकूर होता, वाचणाऱ्यांच्या ४० टक्के.

म्हणून पायथागोरसचं प्रमेय वाचून झालं की पुस्तक मिटावं. कोऱ्या कागदावर आकृती, पक्ष, साध्य, सिद्धता लिहावी. अडलेली पायरी लाल पेनाने खुणावून दोन दिवसांनी पुन्हा लिहावी. सुरुवातीला हे फार जड जातं.

जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायला पूर्वपरीक्षेची वाट पाहू नका.