दसऱ्याला पाया घालावा, प्रवेशाची घाई करू नये

खंडेनवमीला घरोघरी शस्त्रांची व अवजारांची पूजा होते. गवंडी आपली थापी, गुण्या आणि ओळंबा स्वच्छ धुऊन पाटावर मांडतो, हळदकुंकू व झेंडूची फुले वाहतो, आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, कोणाच्या तरी नव्या घरासाठी पहिली कुदळ मारली जाते. दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या दिवशी शुभकार्यास आरंभ करण्यासाठी पंचांग उघडावे लागत नाही, अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे. या श्रद्धेत व्यवहाराचे शहाणपणही पुरेपूर भरलेले आहे. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरतो, जमीन खणण्याजोगी होते, विहिरींना पाणी भरपूर असते. येथून मृग नक्षत्र लागेपर्यंत साडेसात-आठ महिने हाती राहतात. बेताचे घर डोक्यावर छप्पर येईपर्यंत उभे करण्यास हा अवधी पुरतो.

परंतु हल्ली मुहूर्त आरंभापुरता राहिलेला नाही. गुढीपाडव्याला नाहीतर अक्षय्यतृतीयेला वास्तुशांत झालीच पाहिजे, असा हट्ट धरून कामाचे दिवस मागून मोजले जातात, आणि जे दिवस कमी पडतात ते नेमके स्लॅबच्या आणि गिलाव्याच्या वाट्याचे कापले जातात. आमचा आक्षेप आहे तो येथे. भूमिपूजनाचा मुहूर्त अवश्य साधावा; सिमेंटचे दिवस मात्र सिमेंटला द्यावेत.

आरंभाआधीची एक गोष्ट प्रथम सांगून टाकतो. देवघर ईशान्येस हवे, स्वयंपाकघर आग्नेयेस हवे, ही ज्यांची भावना असेल त्यांनी आपले पुरोहित आणि आपले वास्तुविशारद यांचे बोलणे नकाशा पक्का होण्यापूर्वीच घडवून आणावे. कागदावरची भिंत सरकवण्यास खोडरबर पुरते. खांब उभे राहिल्यावर कोणीतरी येऊन जिना चुकीच्या दिशेस आहे असे सांगतो, आणि मग तुळईला छिन्नी लागते. तुळई व खांब यांना छिन्नी लावण्याची परवानगी कोणीही दिली, तरी गृहस्थाने ती मानू नये.

आता पाया. देशावर काळ्या मातीचे प्रदेश विस्तीर्ण आहेत, आणि ही माती जितकी पिकास उदार तितकी घरास कृपण. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात हात लांबीच्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला तर दोन-चार वर्षांत तीच भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढताना दिसते. म्हणून भूमिपूजनापूर्वीच जागेच्या दोन-तीन कोपऱ्यांत खड्डे घेऊन कठीण मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे आणि पाया तेथवर न्यावा. मुरूम फारच खोल असेल तर अशा मातीसाठी वेगळ्या पद्धतीचे पाये असतात. तेथे अभियंत्याचा सल्ला घ्यावा, शेजाऱ्याच्या घराचा पाया पाहून आपला ठरवू नये. खणून काढलेली काळी माती जोत्यात परत भरण्याचा मोह होतो, कारण ती फुकट असते. जोत्यात मुरूमच भरावा, तो थराथराने भरावा, प्रत्येक थरास पाणी मारून धुमसून घ्यावे. फरशी खचते ती बहुधा या आळसामुळे. वाळवीचा बंदोबस्तही याच वेळी, फरशीखालचा कोबा होण्यापूर्वी करावयाचा असतो. कोकणातील वाचकांना काळ्या मातीची चिंता नाही. त्यांनी खाणीतून नुकताच काढलेला चिरा लगोलग भिंतीत न घालता काही दिवस वाऱ्यावर ठेवावा, म्हणजे तो टणक होतो. खाडीची खारी वाळू मात्र स्वस्त मिळाली तरी स्लॅबमध्ये घालू नये. तिच्यातील मीठ आतल्या लोखंडास खाते.

पाणी मारणे हा आमच्या मते घरबांधणीतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत उपेक्षित विधी आहे. लोक म्हणतात सिमेंट वाळले की घट्ट होते. प्रत्यक्षात सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते, आणि पाणी आटले की ती क्रिया खुंटते. काँक्रीटची शक्ती २८ दिवसांनी मोजण्याची रीत आहे ती यासाठीच. २००० सालच्या आय.एस. ४५६ या भारतीय संहितेने साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान ७ दिवस आणि राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला निदान १० दिवस ओलावा देण्यास सांगितले. कोरड्या, कडक उन्हाच्या हवेत हे दिवस आणखी वाढवण्याची शिफारसही केली. बाजारातील बहुतेक पोती आता मिश्र सिमेंटची असतात, म्हणून पोत्यावरील अक्षरे वाचून घ्यावीत आणि फाल्गुन-चैत्राच्या उन्हात १४ दिवस धरून चालावे. स्लॅबवर मातीची किंवा हलक्या मसाल्याची आळी बांधून त्यांत पाणी तुंबवून ठेवावे. खांबांना ओले गोणपाट गुंडाळावे. सकाळी एकदा पाइप फिरवून गेलेला माणूस दुपारी येतो की नाही, हे मालकाने स्वतः पाहावे. ठेकेदाराशी करार करताना पाणी कोणी मारायचे हे स्पष्ट लिहून घ्यावे, नाहीतर तो म्हणतो मालक मारतील आणि मालक म्हणतात तो मारील. पुष्कळ घरांत हे काम अखेर घरची गृहिणीच करते, आणि तिने केलेले काम चोख असते असा आमचा अनुभव आहे.

स्लॅबखालचे टेकू काढण्याची घाई तर प्राणावर बेतणारी आहे. त्याच संहितेप्रमाणे साध्या सिमेंटच्या बाबतीत साडेचार मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १५ फुटांपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखाली टेकू निदान ७ दिवस हवेत, त्याहून मोठ्या गाळ्यास १४ दिवस. तुळईखाली ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१ दिवस. मिश्र सिमेंटला याहून अधिक. सेंटरिंगवाल्याला त्याच्या फळ्या पुढच्या कामावर न्यायच्या असतात, आणि यजमानांना मांडवासाठी जागा मोकळी हवी असते. दोघांचीही निकड खरी असली तरी काँक्रीटला तिची खबर नसते.

येथे कोणी विचारील की मग ठरलेल्या मुहूर्ताचे काय? आपल्या शास्त्रकारांनी दारे न बसलेल्या, छप्पर पूर्ण न झालेल्या घरात प्रवेश करू नये असेच सांगितले आहे. अपुऱ्या घरात पूजेची चौरंगी मांडून मुहूर्त साधल्याचे समाधान शास्त्रालाही धरून नाही. एक मुहूर्त टळला तर वर्षात दुसरे येतात. वास्तुशांत झाली तरी भिंती रंगवण्याची घाई नको. ओल्या गिलाव्यावरचा रंग पुढे पापुद्र्यांनी सुटतो. पहिले काही महिने चुन्याच्या हातावर काढावे आणि एक पावसाळा पाहून, कोठे ओल येते ते ध्यानात घेऊन मग रंगाचा खर्च करावा.

ज्यांना नवे बांधायचे नाही, वाडवडिलांचे घरच नीट करायचे आहे, त्यांच्यासाठी मात्र आम्हांस जरा गंभीरपणे लिहावे लागते. २९ सप्टेंबर १९९३ या दिवशी अनंतचतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लातूर-उस्मानाबादकडील गावे झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे ८,००० माणसे गेली. त्यांतील बहुतेक आपल्याच घराखाली सापडली. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या. भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर, मध्ये दगडगोट्यांचा भराव, आणि दोन्ही पदरांना शिवणारा आरपार दगड नाही. वर माळवद. ते गळू नये म्हणून दरसाल पावसापूर्वी नवी माती टाकलेली. ती वर्षानुवर्षे साचून छप्पर अतोनात जड झालेले. पदर सुटले आणि ते ओझे खाली आले.

अशी घरे महाराष्ट्रात आजही पुष्कळ आहेत. त्यांच्या मातीतल्या भिंतींवर स्लॅब टाकून मजला चढवू नये. माळवदावरील साचलेली जादा माती उतरवावी. भिंतीत ठरावीक अंतरावर भोके पाडून आरपार बंध घालता येतात, आणि दारा-खिडक्यांच्या वर घराभोवती लोखंडासह काँक्रीटचा अखंड पट्टा बांधता येतो. किल्लारीनंतरच्या दुरुस्तीत अशाच उपायांचा आधार घेतला गेला. गच्चीवर पाण्याची टाकी बसवताना एवढे लक्षात ठेवावे की १,००० लिटर पाणी म्हणजे १,००० किलो वजन. बैठकीची खोली मोठी करण्यासाठी मधली भिंत काढण्यापूर्वी ती वरचे काय तोलून धरते हे जाणत्यास विचारावे.

शेवटी एक लहानसे काम, जे पुष्कळ घरांत ऐनवेळी आठवते. वास्तुशांतीनंतर वास्तुप्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरण्याची आपल्याकडे रीत आहे. फरशीवाल्यास हे आधीच सांगून त्या कोपऱ्यातील एक फरशी मोकळी ठेवून घ्यावी, म्हणजे पूजेच्या दिवशी नवी फरशी फोडण्याची वेळ येत नाही. घर वरच्या मजल्यावर असेल तर फरशीखाली भराव किती जाडीचा आहे ते विचारून तेवढ्यातच प्रतिमा बसेल असे पाहावे, आणि खड्ड्यासाठी स्लॅब खोदू देऊ नये.