पडायला चौदा सेकंद

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं दुपारचं प्रॅक्टिकल. चार टेबलांवर चार प्रयोग मांडलेत, पण गर्दी भिंतीवरच्या ब्रॅकेटमध्ये बसवलेल्या फ्लायव्हीलपाशी. चाकाची कड जाड, मधला भाग पातळ. लोखंड मुद्दाम कडेला नेलेलं आहे, कारण मोमेंट ऑफ इनर्शियात अंतराचा वर्ग येतो: तेच किलोभर लोखंड आसापासून दुप्पट लांब ठेवलं, की फिरायला चौपट कुरकुरतं.

दोन वेण्यांची मुलगी दोऱ्याचा फास आसावरच्या खुंटीत अडकवते आणि मोठ्याने मोजत दहा वेढे घेते. एक वेढा दुसऱ्यावर चढतो तोच लॅबमधले मामा लांबून ओरडतात, "शेजारी शेजारी घे गं! त्रिज्या बदलते ना." हा प्रयोग मामांनी सरांपेक्षा जास्त वेळा बघितला असणार.

आसाची त्रिज्या १.२ सेंटीमीटर. दोऱ्याला अर्ध्या किलोचं वजन लोंबतंय, फरशीपासून साधारण ७५ सेंटीमीटर वर. जोडीदार मुलाने चाकाची कड दोन्ही हातांनी गच्च धरली आहे. सर येतात.

"एका बोटाने धर."

तो बिचकतो, एकेक बोट सोडत जातो. शेवटी एकच उरतं आणि चाक जागचं हलत नाही. अर्धा किलो ओढतोय १.२ सेंटीमीटरवरून, बोट आहे १४ सेंटीमीटरवर. तिथे ४३ ग्रॅमच्या भाराएवढा जोर पुरतो. बारावीला टॉर्कची व्याख्या घोकून आलेला मुलगा त्या बोटाकडे असा बघतो, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे.

"आता सोड."

वजन पडतं, पण रहाटावरून पोहरा जपून उतरवावा तसं. हातातून सुटलं असतं तर अर्ध्या सेकंदाच्या आत फरशीवर आदळलं असतं. इथे चौदा सेकंद जातात. पोरं दोष देतात बेअरिंगला, पण घर्षण अजिबात नसतं तरी वाचला असता जेमतेम एक सेकंद. बाकी सगळा उशीर चाकाच्या जडत्वाचा. वजन जी ऊर्जा गमावतं तिचा बराच मोठा भाग चाकाच्या पोटात जातो. फरशीला टेकताना वजनाचा वेग असतो सेकंदाला दहा-अकरा सेंटीमीटर.

फास खुंटीवरून निसटतो. स्टॉपवॉच सुरू. कडेवरची खडूची खूण समोरून गेली की एक. विसाव्या फेरीपासून शेजारच्या टेबलावरचेही मोजायला लागतात. साठ फेऱ्या, ८५ सेकंद, चाक थांबतं.

इथून पुढचा हिशेब मला फार आवडतो. पुस्तकातली गणितं घर्षणाला 'नगण्य' म्हणून दाराबाहेर उभं करतात. इथे चाकच थांबता थांबता त्याचं बिल देतं. साठ फेऱ्यांत साठवण संपली, म्हणजे दर फेरीला साठावा भाग गेला. वजन उतरतानाच्या दहा फेऱ्यांनाही तोच दर. वेग मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. तो एकसारखा घटत शून्यावर येतो, म्हणून सुरुवातीचा वेग सरासरीच्या दुप्पट: सेकंदाला १.४ फेऱ्या.

चाकाचा मोमेंट ऑफ इनर्शिया कॅल्क्युलेटरवर ०.०८० येतो, किलोग्रॅम-मीटर वर्गात. मुलाने सूत्रातला आसाच्या त्रिज्येचा वर्ग इमानाने वजा केलाय, मुलीने सरळ गाळलाय. तिसऱ्या दशांशापर्यंत दोघांचं उत्तर एकच. सर तरीही तिला तो लिहायला लावतात, आणि ती तोंड वाकडं करून लिहिते.

"एक किलो लाव. चाक तेच आहे, उत्तर तेच यायला हवं."

आता चाक सुरुवातीलाच सेकंदाला दोन फेऱ्या मारतं. मोजणारे एकमेकांवर खेकसतात. नव्वदीला मुलगी विचारते, "सर, शंभराला थांबवलं तर?"

"चाकाला विचार."

चाक १२८ फेऱ्या घेतं. उत्तर येतं ०.०७८.

"०.०८० करू?" मुलगा हळूच विचारतो. त्याच्या हातात खोडरबर तयारच आहे.

"मग मोजलं कशाला एवढं?" ती पेनने ०.०७८ लिहून टाकते आणि दीड किलोसाठी आणखी वजनं शोधायला टेबलाखाली वाकते.