चाल आधीं कीं शब्द आधीं?

संध्याकाळीं देवापुढें निरांजन लागलें आणि घरांतील लहानथोर मंडळी आरतीस उभी राहिली, म्हणजे एक मौज कित्येक घरीं ऐकावयास मिळते. गणपतीच्या आरतींत ‘फणिवरबंधना’ असें एक संबोधन आहे. ज्यानें नागाचा बंध कमरेस बांधला आहे तो, असा त्याचा अर्थ. परंतु पुष्कळ मुलें तेथें बिनदिक्कत ‘फळीवर वंदना’ म्हणून मोकळीं होतात. आणि मुलेंच कशाला, चांगलीं जाणतीं माणसेंहि ‘संकटीं’च्या जागीं ‘संकष्टी’ म्हणतात! चाल चुकत नाहीं, टाळीहि चुकत नाहीं. चुकतो तो शब्द, आणि तो चुकल्याचें वर्षानुवर्षें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. तेव्हां गाणें ऐकतांना आपला कान प्रथम काय धरतो, शब्द कीं सूर, असा प्रश्न सहजच उभा राहतो.

याचें उत्तर वाचकांनीं स्वतःच पडताळून पाहावें. लहानपणापासून पाठ असलेली एखादी आरती चाल सोडून, नुसती बोलून दाखवूं लागावें. दोन कडव्यांत बहुतेकांची जीभ अडखळेल. पण तीच गुणगुणूं लागतांच पुढचे शब्द आपोआप ओठांवर येतील. वैद्यकांतहि याला पुष्टि मिळते. मेंदूच्या डाव्या भागास इजा होऊन ज्यांची वाचा गेली, त्यांतील कांहीं रोगी एक वाक्य धड बोलूं शकत नाहींत, परंतु ओळखीचें गाणें शब्दांसह म्हणूं शकतात. या अनुभवाच्या आधारें सुरांतून बोलणें परत शिकविण्याची एक उपचारपद्धतीहि निघाली आहे. सारांश, शब्द मनांत शिरतो तो बहुधा सुराचें बोट धरून.

आमच्या रंगभूमीचा इतिहासहि हेंच सांगतो. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आलें, तेव्हां त्यांत साकी, दिंडी अशा घरोघरीं परिचित असलेल्या चाली होत्या. त्यामुळें पदाचा अर्थ प्रेक्षकांस सहज उमगे. पुढें १९११ सालीं काकासाहेब खाडिलकरांच्या ‘मानापमाना’स गोविंदराव टेंबे यांनीं आणि १९१६ सालीं ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखले यांनीं चाली दिल्या. यांतील कित्येक चाली रागदारींतील प्रचलित चिजांवरून घेतलेल्या होत्या, आणि पदांचे शब्द त्या चालींच्या मापानें बेतावे लागत. बालगंधर्वांच्या पदास ‘वन्स मोअर’ मिळे, तो मुख्यतः त्यांच्या गळ्यास आणि सुरांस मिळे. पदाचा अन्वय लावीत बसणारे प्रेक्षक थोडेच असावेत. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. रसिकाचा कान सुरांत रंगणें हें स्वाभाविकच आहे.

मग शब्दाचें महत्त्व तें काय उरलें? याचें उत्तर शोधण्यासाठीं नाटकगृहांतून निघून आपण मराठवाड्यांतील हिंगोली जिल्ह्यांत जाऊं. तेथें कयाधू नदीच्या कांठीं नरसी हें गांव आहे. परंपरेनें नामदेवमहाराजांचा जन्म इ. स. १२७० मध्यें या गांवीं झाला असें मानण्यांत येतें. त्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथ हें ज्योतिर्लिंगाचें क्षेत्र आहे. विसोबा खेचरांचा उपदेश नामदेवांस येथेंच लाभला, असें सांप्रदायिक सांगतात. येथील कथा सर्वश्रुत आहे. नामदेव देवळापुढें कीर्तन करीत असतां पुजाऱ्यांनीं त्यांस मागल्या बाजूस जावयास लाविलें; तेव्हां देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभें राहिलें. ही कथा कोणीं श्रद्धेनें ऐकावी, कोणीं रूपक म्हणून ऐकावी. आम्हांस येथें विचार करावयाचा आहे तो कीर्तन या संस्थेचा.

अभंग हा अक्षरांच्या मापाचा छंद आहे. मोठ्या अभंगांत पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा असतो. त्यास अमुकच एक चाल बांधलेली नसते. म्हणून तोच अभंग एका गांवचें भजनी मंडळ एका चालीनें म्हणतें, दुसऱ्या गांवचें दुसऱ्या चालीनें, आणि पंडित भीमसेन जोशींसारखा गवई तो रागदारींत रंगवून गातो. कीर्तनांत बुवा एक चरण धरतात, टाळकरी तो झेलतात. पुन्हां पुन्हां म्हणून तो कानांत मुरतो. मग टाळ थांबतात, आणि बुवा त्याच चरणांतील एकेक शब्द उकलून दाखवितात. निरूपण आटोपलें कीं टाळ पुन्हां वाजूं लागतात. चाल तीच असते, शब्दहि तेच असतात. परंतु ऐकणाऱ्याचें मन आतां तें राहिलेलें नसतें. शब्द कीं सूर हा तंटा आमच्या संतांनीं असा मिटविला: आधीं सुरानें कान जिंकावा, मग अर्थानें मन.

याचें फळ किती दूरवर पोहोंचलें तें पाहा. नामदेव उत्तरेंत गेले. पंजाबांत गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें त्यांचें स्थान आजहि पूज्य मानलें जातें. १६०४ सालीं गुरु अर्जुनदेवांनीं सिद्ध केलेल्या आदिग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. त्या ग्रंथाची मांडणी रागवार असून पदांच्या माथ्यावर रागाचें नांव असतें. परंतु राग म्हणजे चाल नव्हे. नामदेव स्वतः कोणत्या चालीनें गात, हें आज कोणासहि म्हणून दाखवितां येणार नाहीं. ज्या सुरानें तीं पदें लोकांच्या कंठीं नेलीं, तो सूर विरला. पदें मात्र शतकानुशतकें राहिलीं.

‘हल्लीच्या मुलांस गाण्याचे शब्द कळत नाहींत’ अशी तक्रार वडील मंडळी करतात. पण आधीं चाल धरणें ही कानाची जुनीच रीत आहे, मुलांचा नवा दोष नव्हे. फरक पडला आहे तो दुसरीकडे. पूर्वी टाळ थांबवून अर्थ सांगणारे बुवा देवळांत होते, आणि मांडीवर घेऊन अर्थ सांगणारी आजी घरांत होती. आतां गाणें हातांतल्या यंत्रांतून आपलें आपण वाहत असतें. त्यास मध्येंच थांबवून ‘याचा अर्थ काय रे?’ असें विचारणारें कोणी नसतें. तें काम घरांतील जाणत्यांनीं अंगावर घ्यावें. आठवड्यास एक अभंग किंवा एक पद घ्यावें, सर्वांनीं मिळून तें म्हणावें, आणि मग त्यांतील एकेक शब्द मुलांकडून सोडवून घ्यावा. आपणांस न कळला तर कोश उघडावा. चाल मुलें आपली आपण उचलतील. तिची चिंता नको. अर्थ मात्र कोणीतरी हातीं दिल्यावांचून त्यांना मिळत नाहीं. आणि एका पिढीनें तो द्यावयाचा ठेवला, तर पुढच्या पिढीच्या हातीं नुसती चाल उरेल.