जुन्या चाली आणि विजेची गिटार

मध्ययुगीन चाल आणि कानठळ्या बसविणारी विजेची गिटार यांचा संसार सुखाचा कसा व्हावा, अशी शंका कोणासही येईल. तथापि तो झालेला आहे.

इंग्लंडातील 'स्कायक्लॅड' या वादकसंघाने १९९१ साली 'मेटल' नामक दणदणीत संगीतात व्हायोलिन आणले. लोकसंगीत व मेटल यांच्या मिश्रणाचा तो आरंभ मानला जातो. बर्लिनच्या 'इन एक्स्ट्रेमो' संघाचा 'वेक्ट डी टोटन', म्हणजे 'मृतांना जागवा', हा गीतसंच १९९८ साली निघाला. त्यातील 'स्टेला स्प्लेंडेन्स' हे पद स्पेनातील माँटसेराट मठाच्या, १३९९ च्या सुमाराच्या, 'तांबडी पोथी' या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथातील आहे. यात्रेकरूंना रात्र जागविताना गाण्यानाचण्यास सोज्ज्वळ पदे असावीत, म्हणून ती त्यात लिहिली गेली. आपल्या जागराचीच ही गोष्ट!

हे मिश्रण जुळले कसे? मशकवाद्याच्या कातडी पिशवीत हवा साठलेली असते. म्हणून वादकाने श्वास घेतला तरी सूर तुटत नाही. शिवाय मुख्य नळीशेजारच्या नळ्या तंबोऱ्याप्रमाणे आधारस्वर धरून ठेवतात. उलटपक्षी, गिटारच्या ध्वनिवर्धकावर क्षमतेबाहेर भार घातला की ध्वनितरंगांची शिखरे छाटली जातात व सूर खरखरीत, पण दीर्घकाळ टिकणारा होतो. अशा सुरांत गंधार मिळविल्यास गोंगाट माजतो. षड्ज-पंचम मात्र एकजीव होतात. म्हणून मेटलचे वादक बहुधा हेच दोन स्वर एकत्र छेडतात. अखंड आधारस्वर ही दोहोंची गरज. पत्रिका जुळते ती येथे.

आता आपल्या घराकडे वळू. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरकडे, व लगतच्या डांगात, कोकणा समाजाची पावरी वाजते. वाळलेला भोपळा व बांबूच्या नळ्या यांच्या या वाद्याचा सूरही असाच अखंड चालतो. तिच्या जोडीस कोणी गिटार दिली तर स्वरांची अडचण दिसत नाही. अडचण निराळी आहे. बर्लिनच्या वादकांनी चाल कितीही बदलली, तरी मूळ पोथीत सुरक्षित आहे. पावरीच्या चाली मुख्यतः कानोकानी आल्या आहेत. वादक गेला की त्याच्यापाशी असलेली चालही जाण्याचे भय असते. म्हणून वृद्ध वादकांच्या चाली, त्यांच्या अनुमतीने व नावानिशी, आधी ध्वनिमुद्रित व्हाव्यात. मग तरुणांनी हवी तेवढी गिटार गाजवावी. हे काम आज खेड्यातील शिक्षकाच्या मोबाइलवरही होऊ शकते.